बॅटरीची सायकल आणि गिरजाताईचं लायसन

रोहा, ता. ८ जानेवारी १९९६

ती. गिरजाताईस,
पोपटचा साष्टांग नमस्कार वि. वि.

टेंपोतून सायकल पाठवलीय. घाबरू नकोस, स्फोट होत नाही. तुझ्याच जुन्या लेडीज सायकलला मोटर जोडलीय. कॅरिअरवर बॅटरी, हँडलला बटण. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला आता काम नाय. दिवसभर दुकानात लोकांच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी तार गुंडाळून भरतो, मग सख्ख्या बहिणीला एक देऊ नये? बालवाडीत नियमित आला नाहीत तर जागा दुसरीला देऊ, असं तुझ्या मॅडम म्हणाल्या ना? त्यांना म्हणावं, रस्त्यातून बाजूला व्हा. तुझी भावजय अनिता म्हणते, ताईंना आधी ब्रेक दाखवा. ब्रेक आहे.

माया बॅटरीसारखी उतरू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
पोपट

पेण, ता. २२ जानेवारी

चि. पोपटास अनेक आशीर्वाद.

सायकल झकास! धरमतरच्या रस्त्याला लागले की मी पुढे आणि पदर मागे. पण शुक्रवारी नाक्यावर हवालदाराने अडवलं. बाईचे पाय हलत नाहीत आणि सायकल चालतेय, हे त्याला पटेना. नंबरप्लेट विचारली. सायकलला कसली नंबरप्लेट, म्हटलं. मग लायसन मागितलं. मी रेशनकार्ड दाखवलं. तो हसला नाय. थेट आरटीओच्या साहेबांपुढे घेऊन गेला.

साहेब माणूस भला. मला खुर्ची दिली, कायद्याचं पुस्तक काढून मोठ्याने वाचलं. पंचवीस सीसीपर्यंतचं इंजिन असलेली दुचाकी म्हणे मोटार वाहनात धरत नाहीत. मग विचारलं, हिचं इंजिन किती सीसी? मी बॅटरीचं बूच उघडून दाखवलं. आत पाणी. साहेबांनी चष्मा लावून त्या पाण्यात डोकावलं. शेवटी म्हणाले, वर विचारतो, तोवर ही रस्त्यावर आणू नका. वर म्हणजे कुठे, असं विचारलं तर त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

सध्या मिठाच्या टेंपोतून बालवाडीला जाते. टेंपो नाय त्या दिवशी बालवाडी नाय. मॅडमनी दुसरी बाई बघून ठेवलीय. रडू येतं रे. अनिताला सांगू नकोस.

तुझी,
ताई

रोहा, ता. २७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रडू नकोस. बॅटरीला सीसी नाय म्हणजे शून्य सीसी, आणि शून्य पंचवीसपेक्षा कमीच. सोमवारी फटफटी काढून येतो आणि साहेबाला हे गणित समजावतो. तू फक्त चहा तयार ठेव.

तुझा,
पोपट

पेण, ता. १९ मार्च

चि. सौ. अनितास अनेक आशीर्वाद.

पार्ट मिळत नाय म्हणून फटफटी पेणला अडकलीय, असं पोपटने तुला सांगितलंय. खोटं गो. त्या सोमवारी त्याने साहेबांपुढे शून्याचं गणित मांडलं. साहेबांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि सहज विचारलं, रोह्याहून आलात कसे? हा छाती काढून म्हणाला, स्वतःच्या फटफटीवर. साहेबांनी लायसन मागितलं. एवढी वर्षं झाली, पठ्ठ्याने काढलेलंच नाय! फटफटी माझ्या अंगणात लावून एसटीने घरी आला तो.

मला साहेब म्हणाले, वरून उत्तर येईल तेव्हा येईल, तुम्ही बिनगियरच्या गाडीचं लायसन काढा. मी दोघांचेही अर्ज भरले. शेजारच्या शकूच्या मोपेडवर शिकले, दोनदा मिठागराच्या चिखलात गेले. काल परीक्षा होती. गाडीवरून इंग्रजी आठचा आकडा काढायचा. मी पाय टेकला नाय. तुझ्या नवऱ्याने टेकला. त्याला पुन्हा बोलावलंय. मी पास! साहेबांनी माझं नाव मोठ्याने वाचलं. तिथून तडक मोपेडवरून मॅडमकडे गेले. शकू रोज मोपेड देणार आहे, त्यामुळे बालवाडी माझीच राहिली.

परत आले तर पोपट न जेवता स्टँडकडे चालायला लागलेला. मी मोपेड आडवी घातली आणि मागे बस म्हटलं. बसला बापडा, माझे खांदे घट्ट धरून. भर बाजारातून चाललो. लोक बघतात, जरा हळू घे, असं कानाशी म्हणत होता. मी मूठ आणखी पिळली.

त्याला गोड काही करून घाल, पण तुला सगळं ठाऊक आहे हे दाखवू नकोस. आहे तो जिव्हाळा असाच राहू दे.

तुझी,
गिरजावन्सं