मास्तरांची खूण

धुळे, १४ डिसेंबर

तीर्थरूप आईस,

सुतक आहे, म्हणून नमस्कार लिहीत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

आज सकाळी दादाच्या अस्थी गोळा केल्या. दुपारी त्याची खोली आवरली. मी वेळेवर जेवतो आहे.

दादाला वाजवत नेले का, असे तू फोनवर विचारलेस. नेले. सगळा बँड गणवेशात आला होता. मुंबईच्या हॉटेलातला जॅझ पियानो सोडून दादा इथे आला आणि या लग्नाच्या बँडमध्ये कोणी कुठे वाजवायचे, कुठे थांबायचे, हे सगळे त्यानेच बसवले. सगळे त्याला मास्तर म्हणत.

कानबाईच्या सणाला तू म्हणायचीस ते गाणे त्यांनी वाजवले. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि दादा एकटा की-बोर्डवर तुझी चाल वाजवतो, मग मान हलवून खूण करतो आणि सगळे पुन्हा सुरू होतात. तिथे ते थांबले. मग कोणी पुढे उचलेना. मी ट्रंपेटवाल्या सुकलालला म्हटले, “वाजवा ना.”

तो म्हणाला, “भाऊ, मास्तरनी खूण बाकी शे.”

तिथून घाटापर्यंत नुसती पावले वाजत होती. हे तुला लिहिणार नव्हतो.

ती चाल आता इथे कोणालाच येत नाही. तुला अजून म्हणता येते का? पाचोऱ्याला आलो की एकदा म्हण. मी नीट ऐकेन.

गुडघ्याला तेल लावतेस ना? तिथे सारिका वेळेवर औषध देते ना?

दादाचा बँडचा पांढरा कोट बादलीत भिजवला आहे. आता तो पिळून वाळत घालतो.

तुझा,
भूपेंद्र