नाइलाजाची लूट

९ जानेवारी १९६२, सेक्टर ६
पहिले आली भागाबाई, सामनेच्या क्वार्टरातली. मंग तिची नणंद मथुरा. सुपारी कातरता कातरता भागाबाईनं दुखरी नस दाबलीच: नातीच्या बारशाले तुमी कावून नोत्या? आता काय सांगू. सुनेचं, गुलाबचं, बाळंतपण माहेरी, तुमसरले. बारसं झालं बाराव्या दिवशी अन् विहिणीचं पोस्टकार्ड आमाले भेटलं तेराव्या. आत्या म्हणून शेजारीण उभी केली, नाव ठेवलं जया. वरून निरोप, मुहूर्त टळत नव्हता, नाइलाज होता. सहा महिने झाले, तो नाइलाज माह्या घशात अटकून हाय.

१० जानेवारी
ठरलं. संक्रांतीले जयाची लूट, म्हंजे बोरन्हाण. पह्यलीच लूट, डोक्यावरून बोरं, चिरमुरे, रेवड्या ओताच्या. विहिणीले कळवाचं एकवीस तारीख अन् उरकून घ्याचं चौदालेच. मंग म्हणाचं, नाइलाज होता. असे शब्द आमच्या घरी सगळ्यायजवळ हायेत. पोरगा केवलराम, त्याच्याजवळ ड्यूटी. पोलाद कारखान्याची भट्टी एकदा पेटली का बंद होत नाही म्हणते, अन् दळण राहूनच जाते. गुलाबले सगळंच 'भाग हाय'. सिनेमाले जानंबी भाग असते, मैत्रिणीनं तिकीट काढलं म्हून. माह्याजवळच एकबी नव्हता.
कार्ड गुलाबकडूनच लिवून घेतलं. माहं अक्षर पाहून विहीण हसली असती.

१३ जानेवारी, दुपार
दारात विहीण सत्यभामा, व्याही पंजाबराव, एक ट्रंक. पोस्टवाल्याचीच चूक. गुलाब म्हणते तिले काई मालूम नाही. गरीब पोरगी.
हरकत नाही. उद्या विहीण न्हाणीत गेली का उरकतो.

१४ जानेवारी
न्हाणीत गेली. जयाले पाटावर बसवलं, पह्यलीच मूठ ओतली तं पोट्टीनं असा टाहो फोडला का विहीण ओल्या केसानं बाहेर. तिच्या मांडीवर चूप. मंग लूट तिनंच केली. ट्रंकेतून काळं झबलं निघालं, हलव्याचे दागिने निघाले. झबलं मी शिवलंच नोतं, मुद्दाम. मेहनत तिले पडावी. हलव्याच्या मुकुटात पोट्टी असी दिसत होती, असी दिसत होती, का मी दोनदा बदला घ्याचाच विसरली.
शेवटी पाठ केलेलं म्हणून टाकलं, "मुहूर्त टळत नव्हता विहीणबाई, नाइलाज होता."
विहीण म्हणे, "म्हून तं आमी आदल्या दिवशीच आलो."

१५ जानेवारी
विहीण मायलेकीले दोन महिने तुमसरले नेतो म्हणते. गुलाब म्हणे, जानं भाग हाय. केवलरामची ड्यूटी, सायकलवर टांग टाकून गेला. मी व्याह्याले ठणकावलं का जयानं इथं राहणं कंपल्सरी हाय. पंजाबराव रेल्वेतले. त्यायनं शांतपणे पास दाखवला. गुलाब धरून तिघायचा, तारखेचा शिक्का आधीच मारलेला.

१६ जानेवारी
गेले. खिडकीतून जयानं माहं बोट धरलं ते सोडेच ना. गार्डानं शिटी मारली. मीच सोडवलं.
तसी पाहाल तं जीत माहीच. पोट्टी परत आणून द्याले विहिणीलेच इतक्या दूर यावं लागन. भागाबाईले तसंच सांगतलं. माह्या चुलीवर भात तिनंच मांडला.
पाहुणे अकरा मार्चले येतो म्हणून गेले. कॅलेंडरात पाह्यलं, रविवार हाय.