श्रीपादाचा पहिला टोला

।। श्री ।।
मदन महाल, जबलपूर
ता. ४ जानेवारी १९३८

ती. अच्युतदादास,
सुमेधेचा शि. सा. न. वि. वि.

आई टेकडीवरच्या किल्ल्यावर पोचली की खडा उचलून भिंतीवर का वाजवते? मला ठाऊक नाही. विचारलं तर पदर तोंडाला लावून हसते. आज नऊ वेळा वाजवला.

बी. ए. झाल्याबद्दल सिलोनचा श्रीपाद डोंगर दाखवायचं तू कबूल केलंस, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. लेकीच्या सोबतीला यायला भय्यासाहेब राजी झाले. पण सरावासाठीसुद्धा मुलीनं टेकडीवर एकटं जायचं नाही, म्हणून आई रोज माझ्या राखणीला. राखणदार अनवाणी पुढे, मी धापा टाकत मागे! गाईमुळे घर बंद करता येत नाही, नाहीतर आईलाही आणलं असतं.

पायथ्यापासून शिखरापर्यंत लोभ असावा.
तुझी, सुमेधा

हॅटन, सिलोन
ता. १७ जानेवारी १९३८

चि. सुमेधास अ. उ. आ.

पदवीधर बाई, माझं दिवाळीचं पत्र आईला तूच वाचून दाखवलंस ना? शिखरावर घंटा आहे. जो जितक्यांदा चढला तितके टोले देतो, असं त्यात लिहिलं होतं. तू विसरलीस, तिनं मनात ठेवलं.

मळ्याच्या दवाखान्यातून मला चार दिवस सुटी मिळाली. तुझ्यासाठी लोकरीचा कोट पाठवतो. खाली घामाच्या धारा, पण पहाटे वर दात वाजतात. भय्यासाहेबांनी स्वतः पायथ्याशी चहा पीत बसणार असं आत्ताच कळवलं आहे. तुझा पहिला टोला ऐकायला मी शेजारी उभा राहीन.

लोभ आहेच, दम वाढवावा.
अच्युत

मदन महाल, जबलपूर
ता. १२ फेब्रुवारी १९३८

ती. दादास शि. सा. न.

तुझं पत्र वाचून खड्याचा उलगडा झाला. आई रोज टेकडी चढत होती आणि तिला यायचं आहे का, हे आपल्यापैकी कुणीच विचारलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, काहून थट्टा करून राहिली, गाय कोण दोहील? मी दोहीन म्हटलं. भय्यासाहेब म्हणाले की पहिली लाथ बसली की पदवी आठवेल. लाथ बसली. आता शेरभर दूध निघतं.

मला यायचं नव्हतं असं समजू नकोस, फार यायचं होतं. पण मी बावीस वर्षांची आहे. आईनं अजून इटारसीही पाहिलेली नाही.

आज आईला आणि भय्यासाहेबांना गाडीत बसवलं. तुला तार केलीच आहे. गाडी हलली तरी आई खिडकीतून पेंड किती भिजवायची तेच सांगत होती. घंटेजवळ तिला घाई करू नकोस.

रागावलास तरी लोभ कमी करू नये.
सुमेधा

ता. क. तुझा कोट तिला लांब होत होता. बाह्या कापून तिच्या मापाचा केला. आता तो मला येणार नाही.