समोरची खुर्ची

४ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे आईने डबा असा भरला की जणू मी लढाईवर निघाले आहे. मनाच्या आजारांचा दवाखाना म्हटल्यावर बाबा म्हणाले, लोकांना तिथे पैसे मोजावे लागतात, आमच्या भिंगरीला मात्र तेच पैसे देणार. भिंगरी म्हणजे मी. एका जागी बसवत नाही म्हणून.

दवाखाना दोनच खोल्यांचा. बाहेर बाकं, आत डॉक्टरबाई. प्रत्येक पेशंटचा कप वेगळा, कुणाला उजेड किती हवा तेही ठरलेले. बाई म्हणाल्या, तयार कपडे कुणालाच नीट बसत नाहीत, आपण माप घेऊन शिवतो. मला फार आवडले ते.

९ फेब्रुवारी
आत पेशंटच्या समोर एक रिकामी खुर्ची असते. गेलेले माणूस तिथे बसले आहे असे समजून मनातले बोलायचे. एका आजींची डावखुरी मुलगी तरुणपणी तळ्यात बुडाली. त्यांना रिकाम्या खुर्चीशी बोलता येईना, म्हणून बाईंनी मला बसवले. बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. ही फसवणूक तर नाही ना, असे मी दोनदा विचारले. बाई हसल्या.

आजी मला "मने" म्हणाल्या आणि पोटभर रडल्या. जाताना गुणगुणत जिना उतरल्या.

१७ फेब्रुवारी
आजींना झोप लागते. गोळी अर्ध्यावर आली. केवढा आनंद झाला मला!

पण आज खुर्चीत बसल्या बसल्या मी बोलून गेले, "निळी छत्री मीच हरवली होती, आई." छत्रीचे मला कुणीच सांगितले नव्हते. आजींनी माझा हात धरला. बाईंनी वहीत टिपून घेतले.

२३ फेब्रुवारी
घरी डाव्या हाताने जेवले. आईने हातावर चापट मारली, मग नुसती बघत राहिली. बाबांनी विचारले, भिंगरी फिरायची थांबली की काय? मी हसले. ते हसणे माझे नव्हते.

२६ फेब्रुवारी
बाईंना सांगितले, मी आता त्या खुर्चीत बसणार नाही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तू उठलीस तर आजींची मुलगी दुसऱ्यांदा जाईल. मी काळजी फार करते, त्यावरही माझ्या मापाचे उपचार करू म्हणाल्या. माझ्यासाठी वेगळा कप काढला. चहाला शेवाळाचा वास होता. प्यायले.

२ मार्च
दोन रात्री आजींकडे राहिले. त्या सोडतच नाहीत. आज दवाखान्यात आईचा फोन आला, मीच उचलला. तिने विचारले, माझ्या मुलीला जरा बोलावता का? मी म्हटले, आई, मीच बोलते आहे. ती म्हणाली, "थट्टा नका करू हो. लेकीचा आवाज ओळखते मी."

५ मार्च
घरी गेले. बाबांनी दार उघडून विचारले, कोण हवंय. सगळे सांगितले — भिंगरी, डबा, चापट. ते हळू आवाजात बोलत राहिले, आम्ही पेशंटशी बोलतो तसे. मग दार लावून घेतले. आतून आईचे रडणे —

८ मार्च
नवी मुलगी कामाला आली. हसतमुख. एका जागी बसत नाही. तिला सांगायला गेले, पळ इथून. तोंडातून निघाले — आई वाट बघत असेल —

११ मार्च
आई आली आहे. माझी आई. बाकावर. झोप नाही तिला. तिचाही वेगळा कप.

समोर जाऊन उभी राहिले. तिने डोळे पुसले, मला जवळ बसवले. "तुझं कोण गेलं गं, पोरी?"

बाईंनी आत नेले तिला. नव्या मुलीलाही. दार लोटले. मी उठते आहे, पलीकडे बसलेल्या आजी हात सोडत नाहीत — उजवा — डाव्याने लिहिते —

आतून आईची हाक. भिंगरे.

ओ द्यायला तोंड उघडले, तर आतूनच ओ आली. माझ्याच आवा