पात्यावरची भिंगरी

ताई,

माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणायचीस ना? मी घडवलेल्या पहिल्या सुरीवर आज तीच भिंगरी कोरली. तिचा आकार कापून काढलेली पट्टी पात्यावर चिकटवली, मिठाच्या पाण्यात भिजवलेला बोळा त्यावर दाबला आणि वीज सोडली. (मिठावरून आठवलं, भाजीत अजून विसरतेस का गं?) आधी वायरी उलट्या जोडल्या, तर काहीच उमटेना. मग उमटली, काळीभोर.

कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "आता पातं बिघडलं की ही खूण बघून गिऱ्हाईक तुलाच शोधत येणार. सापडशील का रे?"

"सापडेन," म्हणालो, आणि माझं मलाच नवल वाटलं.

सुरी लगेच विकली गेली. ती धार लावायला परत येईल तेव्हा मी इथेच असलो, तर हे पत्र पेटीत टाकेन.

तुझा, सध्या एका जागी बसलेला,
धाकटा