पहिलं ताट रांधणाऱ्याचं

बाबा,

आज शनिवार, म्हणजे आमच्याकडे तुमच्या भाताचा दिवस, आणि आज तो झाला नाही. हे तुम्हाला सांगायला हवं असं मघापासून वाटतंय. पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न आहेच, पण तुम्ही मुंबईला होतात तेव्हाही माझी निम्मी पत्रं दप्तरातच राहायची, तेव्हा मला त्याची सवय आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ज्या नातवाला तुम्ही खांद्यावर बसवून बंदरावर न्यायचात त्याचं लग्न झालं, आणि आता त्याच्या बायकोमुळेच तुम्हाला लिहायची वेळ आली आहे.

आधी घरातलं सांगते. आठवडाभर आमच्या जेवणाचा काही मेळ नसतो. तुमचे जावई निवृत्त झाल्यापासून दिवे लागले की लगेच भूक भूक करतात. मुलगा हातखंब्याला गाड्यांच्या शोरूममध्ये आहे, तो येतो तेव्हा यांचा एक डोळा मिटलेला असतो. मी कॉलेजच्या ऑफिसात आणि सून औषधांच्या दुकानात. चार माणसं चार वेळा गॅस पेटवतात आणि कोण काय जेवलं ते भांडी घासताना कळतं. म्हणून मी कधीपासून नियम केला आहे की शनिवारी संध्याकाळी एकच टोप, आणि सगळ्यांनी त्याच्याभोवती एका वेळी बसायचं. भाजी नाही, पोळ्या नाहीत, कोशिंबीर ज्याला हवी त्यानं चिरून घ्यावी. टोपात तुमचा मुंबईच्या खोलीचा भात. तांदूळ, मसूर, बटाटे, कांदा, मूठभर भाजलेली सुकट आणि वरून आमसुलं. सुकट तव्यावर पडली की शेजारच्या वहिनी खिडकी लावून घेतात, म्हणजे आमच्या शनिवारची खबर सगळ्या इमारतीला आपोआप मिळते.

सून कराडकडची. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. मुलगी गुणी आहे, हसरी आहे, पण एक फार मोठी खोट आहे तिच्यात. ती कशालाच नाव ठेवत नाही. भात गिचका झाला तरी "छान झालाय आई", खाली लागला तरी "छान झालाय आई". मी तिला कामाला हात लावू देत नाही, गरम गरम वाढते, ताटाशी बसून आग्रह करते, आणि ती चिमणीएवढं खाऊन छान म्हणून उठते. मागच्या महिन्यात मुलगा बोलता बोलता म्हणाला, पुण्यात एक जागा निघाली आहे, बघू का, तिला तिकडे जरा बरं वाटेल. म्हणजे इथे बरं वाटत नाही. आणि ती ते मला सांगत नाही. मी वरवर "बघ की" म्हटलं, पण त्या दिवसापासून माझ्या पोटात गोळा आहे. पोरं पोटासाठी बाहेर जातात त्याचं मला काही नाही. तुम्ही नाही का गेलात? पण माझ्या घरात एक मुलगी अवघडून राहिली आणि तशीच निघून गेली, हे मला सोसणार नाही.

तिचं ते छान ऐकलं की मला तुम्ही दिसता. मी सातवीत आहे. गोदीतली नोकरी सुटून तुम्ही कायमचे गावी आला आहात. त्याआधी तुम्ही यायचात ते गणपतीत आणि शिमग्याला, आणि तेव्हा आई तुमच्यासाठी पाट मांडायची, तांब्या भरून ठेवायची, माशाची मधली तुकडी तुमच्या ताटात घालायची. तुम्ही कायमचे आलात तरी पाट सुटला नाही. तुम्ही पाणी भरायला उठलात की आई म्हणते, "तुमी बसा. घरातलं मी बगते." लाकडं फोडायला निघालात तरी "तुमी बसा." मग तुम्ही पडवीत बसता. शर्ट घालून, केस विंचरून, एसटीची वाट बघत असल्यासारखे. जेवताना आई विचारते कसं झालंय, आणि तुम्ही म्हणता, "बेस." रोज बेस. मला तेव्हा तुमची कीव यायची आणि थोडा कंटाळाही यायचा, कारण तुम्ही घरात असलात की आम्हाला भांडता येत नसे.

आई तेव्हा काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. वाडीतल्या सगळ्या बायका एकाच टेम्पोतून जात आणि एकाच टेम्पोतून परत येत. एक दिवस दुपारी तुम्ही मला हळूच म्हणालात, "आज आईला आपण बसवूया. तू फक्त चूल पेटव." मुंबईत गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत तुम्ही पाळीपाळीनं रांधायचात हे मला ऐकून माहीत होतं. एक स्टो आणि एक टोप, म्हणून जे काय असेल ते त्या एका टोपात. पण तुम्हाला रांधताना मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही माळ्यावरून लग्नकार्याचा टोप काढलात. "बाबा, एवढा?" मी विचारलं. "एवढाच लागतो," तुम्ही अशा भरवशानं म्हणालात की मी चूल पेटवायला गेले. तुमचा हात ठरलेला होता. डोळे मिटूनसुद्धा तुम्ही तितकेच तांदूळ घेतले असते. कांदे चिरताना तुम्ही गाणं गुणगुणत होतात आणि माझा भाऊ तोंडाचा आ करून बघत होता. मग भात फुलायला लागला. झाकण वर उचललं गेलं. तुम्ही पळीनं जरा दाबून बघितलंत, तो पुन्हा वर आला. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "अगो, आपण चारच माणसं ना?"

पंधरा माणसांच्या खोलीचा भात होता तो. दुसरा तुम्हाला येतच नव्हता. टेम्पोचा आवाज आला तसे तुम्ही पळी हातात घेऊन अंगणात गेलात आणि उतरणाऱ्या सगळ्या बायकांना म्हणालात, जेवून जा. काजूच्या चिकानं काळी झालेली बोटं पदराला पुसत त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "काय वो मुंबयकर, कोणाचं लगीन काढलाव?" एकीनं विचारलं. आई तर अशी लाल झाली होती की तिच्याकडे बघवत नव्हतं. बायका पडवीत बसल्या, आणि सगळ्यांसमोर तुम्ही पहिलं ताट स्वतःला वाढून घेतलंत. मी मनात म्हटलं, गेली अब्रू. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "आमच्या खोलीचा कायदा हाय. रांधणाऱ्यानं पयलं खायाचं. बिगाडलं आसंल तर आदी त्याला कळू दे, मग लोकांना." दोन घास खाल्लेत आणि जाहीर केलंत, "आमसूल कमी पडलं." बायका हसत सुटल्या आणि टोपाचा तळ दिसेपर्यंत जेवल्या. आई त्या संध्याकाळी तुमच्याशी एक शब्द बोलली नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली, ती मला आजही तशीच्या तशी दिसते. आईनं आमटीभात केला, पाट मांडला, ताट वाढलं. तुम्ही ते ताट उचलून तिच्यापुढे ठेवलंत. "आज तू रांधलंस. पयलं ताट तुझं." ती म्हणाली मी मागनं जेवीन, मला नको ती मुंबईची थेरं. तुम्ही हाताची घडी घालून बसलात. आम्ही दोघं भुकेनं कासावीस. भाऊ रडायच्या बेतात आला तेव्हा ती आमच्याकडे पाठ करून, चुलीकडे तोंड करून बसली आणि तिनं घास घेतला. मग दुसरा घेतला. मग वळून म्हणाली, "आमटीत मीठ नाय."

"आजपण नाय?" तुम्ही विचारलंत.

"काल दुपारी पण नव्हतं?"

"नव्हतं."

"मग बोललाव का नाय?"

"पाव्हण्यानं कसं बोलायचं?"

आईनं हातातलं ताट बाजूला सारलं. मग तिनं कोपऱ्यातली विळी पायानं तुमच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "उद्यापासनं नारळ तुमी खवा." बाबा, तुम्ही तेव्हा जे हसलात तसे त्याआधी घरात कधी हसला नव्हतात. पाट पुन्हा निघाला नाही. त्यानंतर तुम्ही दोघं रोज संध्याकाळी चुलीपाशी भांडायचात, मिठावरून, खोबऱ्यावरून, लाकडं ओली आणली म्हणून, आणि आम्हीही मोकळेपणानं भांडायला लागलो. तुमचा हात पंधरावरून आठावर आला, पण चारावर काही शेवटपर्यंत आला नाही, त्यामुळे वाडीतलं कोणी ना कोणी आमच्याकडे जेवायला असायचंच.

हे सगळं मला पाठ आहे. सुनेलाही मी ते लग्नानंतर पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं, आणि तिनं काय म्हणावं? "छान आहे आई."

आज ऑफिसात प्रवेशांची गर्दी होती. घरी यायला उशीर झाला, आणि जिन्यात सुकटीऐवजी लसणाचा वास. सून ओट्यापाशी उभी, टोपात काहीतरी रटरटतंय. "आई, आज मी चकोल्या केल्यात. चालेल ना?" चकोल्या म्हणजे त्यांच्याकडचा एका टोपातला प्रकार, तुरीच्या आमटीत कणकेच्या पोळीचे तुकडे सोडून शिजवतात. मी पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हटलं, "अगं तू कशाला? दमून आलीस ना, तू बस." आणि माझाच आवाज मला ऐकू आला. हुबेहूब आईचा.

पहिलं ताट तिनं घेतलं. कायदा तो कायदा. वर तूप घातलं, भुरका मारला आणि डोळे मिटले. लग्न झाल्यापासून तिला इतकं पोटभर खाताना मी प्रथमच बघत होते. मग आम्ही बसलो. बाबा, पहिल्या घासाला माझ्या कानातून धूर निघाला. आपण खोबरं खाणारी माणसं, आणि तिनं माहेरचा कांदालसूण मसाला अगदी माहेरच्या हातानं घातलेला. तुमचे जावई शूरपणे गिळत होते आणि घासागणिक पाणी पीत होते. मुलानं मान वर केली नाही.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"छान झालंय गं," मी म्हटलं.

तिनं चमचा खाली ठेवला. "आई, तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय. खरं सांगा की."

"तिखटजाळ आहे," मी म्हटलं. "माझी जीभ कुठे आहे तेच मला कळत नाहीये."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पाणी पिऊन, जरा धीर करून म्हणाली, "मग मी पण सांगू का एक? त्या सुकटीचा वास मला अजिबात सोसत नाही. शनिवारी मी दुकानातून येताना वडापाव खाऊन येते." मी मुलाकडे बघितलं. त्याला माहीत होतं, कारण वडापाव तोच तिच्या दुकानावर आणून देत होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही मला ओट्याला हातच लावू देत नाही. घरी आल्यावर करायचं काय तेच मला कळत नाही. नुसती बसून राहते."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मटण खाणारी मुलगी, म्हटलं सुकटीचं काय एवढं? थोडा रागही आला. पण तो टिकला नाही, कारण माझा हात धरून कुणीतरी मला त्या पडवीत नेऊन उभं केल्यासारखं झालं. तुम्हाला आईनं बसवून ठेवलं होतं तसं हिला मीच बसवून ठेवलं, आणि वर गोष्ट सांगत होते ती तुमची. मी तिला म्हटलं, उद्याचा नारळ तू खव. ती म्हणाली, "मला खवता येत नाही, शिकवा." जेवण संपल्यावर भांडी कोणी घासायची यावरून आमच्या दोघींत चांगली वादावादी झाली आणि ती हरली, म्हणून भांडी तिनं घासली. पुण्याचा विषय निघाला नाही. निघेलही, आणि गेलीच तर जाईल बिचारी, पण जाताना काय खटकलं ते तोंडावर सांगून जाईल एवढं आता मला कळलं आहे. पोटातला गोळा गेला, तिथे चकोल्यांची आग आहे.

पुढच्या शनिवारी भातात सुकट नको, वेगळी भाजून ठेवू, ज्याला हवी त्यानं घ्यावी, असं ठरलं आहे. ठरवताना सगळे माझ्याकडे बघत होते, मला लागेल म्हणून. मला लागलं नाही, आणि का नाही ते फक्त तुम्हाला सांगते. तुमच्या भातात सुकट फार व्हायची, बाबा. मी निवडून निवडून भावाच्या ताटात सरकवायची. मग तुम्ही माझ्याकडे वळून विचारायचात, कसा झालाय गो, आणि मी म्हणायची, बेस. तुमची म्हणून इतकी वर्षं मीही मुठीनं घालत आले. तुम्हाला मात्र कधी बोलले नाही, अगदी शेवटच्या आजारपणातही नाही. आज बोलते. सुकट जास्त व्हायची.