पाटीवरची रेघ

३ फेब्रुवारी

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाहून ठेवलं. उद्या कोणी म्हणायला नको की बाईंना वयोमानाने आठवत नाही!

व्यायामशाळेच्या नव्या दालनात, विजेत्यांच्या नव्या पाटीसमोर उभी होते. पाटी सुंदर आहे. काळं लाकूड, सोनेरी अक्षरं. 'टेबल टेनिस — अपंग महिला.' सलग सात वर्षं मी विजेती. म्हणजे सात ओळी हव्यात. आहेत सहा. पहिल्या वर्षापुढे नाव नाही, नुसती एक आडवी रेघ!

रंगारी शिडीवर होता. ही रेघ कसली, विचारलं. म्हणाला, कागदावर होती तशी काढली. मी म्हटलं, कागदावर माशी चिकटलेली असती तर तीही रंगवली असतीस. तो हसला. मी हसले नाही.

आणि अठ्ठावीस तारखेला या पाटीवरचा पडदा मीच ओढायचा आहे. पत्रिका छापून तयार.

४ फेब्रुवारी

व्यायामशाळेच्या सचिवांना पत्र धाडलं. रजिस्टर, पोचपावतीसह. पस्तीस वर्षं टपाल खात्यात काढली आहेत. कसं पाठवलं की माणसाला 'मिळालंच नाही' म्हणता येत नाही, ते मला कोणी शिकवू नये.

दादा गेल्यापासून घरात मी आणि वहिनी. ती म्हणाली, "वन्सं, सहा आहेत ना? एकीवाचून काय अडतंय?" मी म्हटलं, सात मुलांतलं एक हरवलं तर असंच म्हणशील का. ती म्हणाली, मला एकच आहे, आणि तो फोनसुद्धा करत नाही. 

७ फेब्रुवारी

पोचपावती आली. उत्तर नाही.

१० फेब्रुवारी

सचिवांचा फोन. तिशीचा माणूस, आवाजात साखर. जुन्या नोंदवहीत त्या वर्षीच्या निकालापुढे 'हरकत दाखल, निर्णय प्रलंबित' असं लिहिलं आहे म्हणे. एक्केचाळीस वर्षं प्रलंबित! एवढ्या वेळात माझी नोकरी लागली, संपली, पेन्शन सुरू झालं.

हरकत कोणाची, विचारलं. कागद शोधावा लागेल मॅडम, म्हणाला. शोधा आणि लेखी कळवा, म्हटलं. कळवतो म्हणाला — म्हणजे कळवणार नाही.

पण हरकत कोणाची हे समजायला मला कागद लागत नाही. त्या वर्षी माझ्याशी हरलेल्या डावरीची! दुसरं कोण असणार?

११ फेब्रुवारी

पहिलंच वर्ष का महत्त्वाचं, हे वहिनीला सांगून दमले. इथे लिहिते.

त्या विजयावर परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड होणार होती. जागा एकच. मी गेले, रौप्यपदक आणलं, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्या सहा ओळी त्या पहिल्या ओळीच्या खांद्यावर उभ्या आहेत.

पोलिओ तिसऱ्या वर्षी झाला. डावा पाय लोखंडी कॅलिपरमध्ये. कॉन्व्हेंटमध्ये खेळाच्या तासाला मी बाकावर, बाकीच्यांचे बूट सांभाळत. तिथून मला आमच्या वर्गाच्या सिस्टरने उठवलं. जेवणघरातलं लांब टेबल, मधे जाळी म्हणून शब्दकोश उभे केलेले. "पाय धावत नाही ना? मग डोळा धावू दे." शाळा सुटली तरी तिने मला सोडलं नाही. पंचविसाव्या वर्षापर्यंत दर शनिवारी सराव. प्रेम करायची, पण कडक. खोटं बोललं की हात पुढे करायला लावायची आणि पट्टी मारायची. मी एकदा म्हटलं, खोटं तर जिभेने बोलले. म्हणाली, जीभ तुझ्या हातात नाही, हात आहे.

अंतिम सामना डावरीशी. तिचा उजवा हात कोपराखाली नाही, खेळायची डाव्याने, म्हणून सगळे डावरी म्हणायचे. अर्ध्या हातावर चेंडू ठेवून उडवायची आणि अशी सर्व्हिस करायची की दोन हातवाल्या बघत राहायच्या. तेव्हा डाव एकवीस गुणांचा असायचा. दोन डाव तिचे, दोन माझे. पाचव्यात वीस-वीस. तिथून पुढे सर्व्हिस दर गुणाला बदलते. एकवीस-वीस, मी पुढे, सर्व्हिस माझी. तिचा परतलेला चेंडू मी तिच्या उजव्या बाजूला मारला. तो टेबलाच्या कडेला लागला. पंच अलीकडे बसलेला. पलीकडचा दुसरा पंच जेवायला गेला होता! मी हात वर केला. कडेला लागून नशिबाने गुण मिळाला की हात वर करून माफी मागायची, अशी आमच्या खेळाची रीत आहे. पंचाने तो हात पाहिला आणि गुण दिला. बावीस-वीस.

संपलं. यात हरकत कसली?

१५ फेब्रुवारी

डावरीकडे जाऊन आले.

बाजारामागच्या गल्लीत तिचं बटणांचं दुकान आहे. भिंतभर बरण्या. एकाच शहरात राहून एक्केचाळीस वर्षांत मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. तिने ओळखलं — कॅलिपरच्या आवाजावरूनच, म्हणाली. स्टूल पुढे केलं. "बस. एका हाताने लावता येत नाहीत ना बटणं, म्हणून विकते."

मी बसले नाही. हरकत मागे घे म्हटलं. या वयात कसला सूड उगवतेस. तिने ऐकून घेतलं. एका गिऱ्हाईक बाईला कोटाची सहा बटणं काढून दिली. मग म्हणाली, हरकत तिची नाहीच. उलट त्या दिवशी कार्यालयात तिच्यापुढे कोणाचा तरी कागद धरला होता, त्यावर 'माझी तक्रार नाही' असं लिहून ती सही करून गेली. वर काय लिहिलं होतं तेही तिने वाचलं नव्हतं.

तक्रार का नव्हती, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुझा हात वर गेला ना. मला वाटलं, माफी मागतेयस. म्हटलं, दिली."

"ती रीतच आहे. कडेला लागला की—"

"कडेला लागलेला चेंडू उडतो गं. तो खाली पडला, सरळ माझ्या पायाशी. टेबलाच्या जाडीला लागला म्हणून पडला, म्हणजे बाद. पहिल्या महिन्यात शिकवतात आपल्याला."

मी स्टुलावर बसले.

तिने चहा मागवला. आपणहून म्हणाली की तो गुण दिला नसता तरी एकवीस-एकवीसच झाले असते, तीच जिंकली असती असं कुठे लिहिलंय. बरणीचं झाकण दंडाखाली दाबून फिरवत म्हणाली, "पण खेळायला मिळालं असतं."

त्यानंतर ती एकही स्पर्धा खेळली नाही. हे मला ठाऊक होतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

पंचाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तोंडाने खोटं बोलले नाही — इतकी वर्षं याच्यावर निभावलं.

हात रीत म्हणून वर गेला नव्हता. चेंडू पडताना दिसला, मग वर केला.

१८ फेब्रुवारी

कागद सापडला असा निरोप आला. गेले.

घडीवर फाटलेला, पिवळा. अक्षर ओळखलं. त्याच अक्षरावर मी लिहायला शिकले होते. सिस्टरचं. हरकत सिस्टरची!

'चेंडू टेबलाच्या जाडीला लागला. मी त्या बाजूला पाच फुटांवर उभी होते. माझ्या विद्यार्थिनीनेही तो पाहिला आहे. तिला विचारावं.'

खाली डावरीची सही. त्याखाली कोरं.

मी परदेशी निघाले तेव्हा सिस्टर स्टेशनवर आली नव्हती. पदकाचा फोटो पाठवला, त्याला उत्तर आलं चार शब्दांचं. मी जगाला सांगत फिरले की माझं यश तिला बघवलं नाही. ती गेल्याला आता वीस वर्षं झाली. शेवटच्या प्रार्थनेलाही मी गेले नाही. रागाने. राग कोणावर होता, देव जाणे. त्याला माहीत असेलच.

सचिव खुशीत होते. मॅडम, समोरच्या बाईंनीच तक्रार नाही म्हणून लिहिलंय, मग विषयच मिटला. रंगाऱ्याला सांगतो, उद्या तुमचं नाव येईल. हवं तर लेखी देतो.

पहिल्यांदाच हा माणूस आपणहून लेखी देतो म्हणाला. मी म्हटलं, थांबा.

२० फेब्रुवारी

दोन रजिस्टर. एक सचिवांना: हरकत खरी आहे. चेंडू जाडीला लागला, मी पाहिला. मला विचारावं असं तेव्हाच लेखी मागितलं होतं, म्हणून हा जबाब. नाव रंगवू नये. रेघ राहू द्यावी. वहिनीने वाचलं, चष्मा पुसला आणि पाकीट स्वतः चिकटवलं.

दुसरं बटणांच्या दुकानाला. त्याची ही नक्कल:

'अठ्ठावीसला पडदा अकराला आहे. दहाला दालनात टेबल मांडून ठेवायला सांगितलं आहे. दोन्ही बाजूंना पंच, आणि कोणीही जेवायला जायचं नाही. मला आता काठीही लागते, पण म्हणून हळू मारू नकोस. येणार की नाही, ते पंचवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. तोंडी चालणार नाही. एकवीस-एकवीस. सर्व्हिस तुझी आहे.'